समितीला दिलेलं मत

घरपट्टीची नोटीस आली होती. दोन पानं, सगळी कन्नडमध्ये, खाली निळा गोल शिक्का. मामांनी चष्मा लावून ती पाहिली, मग चष्मा काढून लांब धरून पाहिली, त्यातले आकडे तेवढे ओळखले आणि कागद घेऊन शेजारच्या दारात जाऊन उभे राहिले. शेजारची मुलगी सातवी-आठवीतली, कन्नड घरातली. पण बेळगावातल्या शहापूरच्या गल्लीत वाढलेली, त्यामुळे मराठी अगदी सफाईदार. ती उंबऱ्यावर बसली, एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत गेली आणि मामांना मराठीत सांगत गेली. कुठली मुदत, किती दंड, कुठल्या खिडकीवर भरायचे. मामा वाकून ऐकत होते आणि मध्येमध्ये "बरं, बरं" म्हणत होते. शेवटी त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "असू दे की आजोबा," म्हणून ती आत पळाली.

यात कुणी कुणाशी वाईट वागलं नव्हतं. तरी ते दृश्य माझ्या मनातून जाईना. मामांना कन्नड बोलता येतं. सारा जन्म साड्यांच्या दुकानात गेला. बैलहोंगलहून, गोकाकहून आलेल्या गिऱ्हाइकांशी त्यांची सगळी घासाघीस कन्नडमध्येच चालायची. वाचता मात्र येत नाही, कारण ते शिकले मराठी शाळेत. शहापूर तेव्हा सांगली संस्थानातून नुकतंच बाहेर पडलेलं होतं, आणि पुढे आपलं गाव कुठल्या राज्यात जाणार हे त्यांच्या मास्तरांनाही ठाऊक नव्हतं. त्यांना कळायला लागल्यापासून त्यांचं प्रत्येक मत महाराष्ट्र एकीकरण समितीला गेलं, म्हणजे हा भाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या पक्षाला. आणि इतक्या वर्षांच्या मतांनंतरही स्वतःच्या घराच्या करात काय लिहिलंय हे त्यांना शेजारच्या शाळकरी पोरीकडून समजून घ्यावं लागत होतं.

हे सगळं मे 2023 च्या मतदानाच्या आदल्या आठवड्यातलं. घरात रोज संध्याकाळी चहाबरोबर तोच विषय. मामेभावाचं मत ठरलेलं होतं, राष्ट्रीय पक्षाला. "अप्पा, समितीचा माणूस आला निवडून, तरी बेंगळुरात एकटा बसणार. रस्ता कोण करणार?" मामा म्हणाले, "रस्ता करायला बाकीचे आहेत की." एवढंच. आवाज चढला नाही. वहिनीने कुंद्याची वाटी पुढे केली आणि विषय बदलला. दहा तारखेला मामा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, कपाळाला गंध लावून, सगळ्यांच्या आधी मतदानाला गेले. तेराला निकाल लागला. समितीचा एकही उमेदवार निवडून आला नाही. 2018 मध्येही आला नव्हता. त्याआधी 2013 ला बेळगाव दक्षिण आणि खानापूर अशा दोन जागा होत्या, तेव्हा गल्लीत गुलाल उधळला होता तो मला आठवतो.

माझं सगळं बालपण मेच्या सुट्टीत या घरात गेलं. पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघायचं, पहाटे बेळगावच्या स्टेशनावर उतरायचं. मे महिना असूनही अंगावर काटा यायचा इतकी गार हवा. मामाच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून कपिलेश्वराच्या बाजूने घरी येताना भिंतींवर डांबराने लिहिलेली अक्षरं दिसायची: बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. मी वाचायला शिकले ती थोडीफार या भिंतींवरच. बीदर-भालकी कुठे आहेत ते मला ठाऊक नव्हतं, पण ती नावं एका दमात म्हणायला आवडायची. 1986 च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्धचं आंदोलन पेटलं तेव्हा आमची सुट्टी संपत आली होती. संचारबंदी लागली. आजीने पुढच्या दाराला आतून अडसर घातला आणि आम्हा पोरांना मागच्या खोलीत, सूत ठेवायच्या जागी निजवलं. त्या खोलीला खळीचा वास होता. रात्री लांबून आरडाओरडा ऐकू यायचा आणि मग एकदम काहीच ऐकू यायचं नाही. त्या दिवसांत गोळीबारात गेलेल्यांचं स्मारक हिंडलग्याला आहे. मामा दर वर्षी एक जूनला तिथे जातात, सतरा जानेवारीला हुतात्मा चौकात, आणि एक नोव्हेंबरला सायकल फेरीत. एक नोव्हेंबर 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. एकाच शहरात त्या दिवशी काही रस्त्यांवर राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे असतात, आणि काही रस्त्यांवर काळ्या फिती लावून तोंडाला काळं फडकं बांधलेली माणसं सायकलवरून जात असतात.

मामांच्या राजकीय आयुष्यातली सर्वांत अभिमानाची गोष्ट म्हणजे ते एकदा लोकसभेला उभे राहिले होते.

1996 ची निवडणूक. सीमाप्रश्नाकडे दिल्लीचं लक्ष जावं म्हणून समितीने ठरवलं की जितक्या जणांना जमेल तितक्यांनी अर्ज भरायचे. 1985 ला विधानसभेच्या वेळी बेळगावात एका जागेला 301 उमेदवार उभे राहिले होते, ती आठवण ताजी होती. या खेपेला बेळगाव लोकसभेला उमेदवार झाले 456. विणकर, शिक्षक, किराणा दुकानदार, शेतकरी, रिक्षावाले. अनामत तेव्हा 500 रुपये होती. मामींनी ती रक्कम दिवाळीच्या खरेदीतून बाजूला काढली होती, असं मामी अजून सांगतात, आणि सांगताना त्यांच्या आवाजात तक्रारीचा मागमूस नसतो. मतपत्रिका एका कागदावर मावेना. पुस्तिका छापावी लागली. म्हातारी माणसं मतदान केंद्रात ती पुस्तिका उलटून उलटून आपलं चिन्ह शोधत उभी होती. त्याच वर्षी आंध्रातल्या नलगोंड्यालाही असेच शेकडो उमेदवार होते. त्यानंतर संसदेने कायदा बदलला: लोकसभेची अनामत 500 वरून 10 हजार झाली, अपक्षाला दहा सूचक लागू लागले. मामांची अनामत जप्त झाली, ती होणारच होती. पण त्या पुस्तिकेत आपलं नाव छापून आलं होतं, ही गोष्ट त्यांनी कधी विसरू दिली नाही. ज्यांच्याकडे सत्ता नाही, ज्यांचा खासदार होण्याची शक्यता नाही, त्यांनी निवडणुकीच्याच कागदावर आपली तक्रार लिहून पाठवली. मला आजही त्याचा आदर वाटतो.

काही वर्षांनी कामानिमित्त हॅम्बुर्गला राहायचा योग आला, आणि एका शनिवारी मी रेल्वेने उत्तरेला फ्लेन्सबुर्गला गेले. डेन्मार्कच्या सीमेला लागून असलेलं हे जर्मन शहर. बंदराचा खारा वास, उताराच्या दगडी गल्ल्या, आणि नॉर्डरस्ट्रासे नावाच्या रस्त्यावर दोन घरांच्या मध्ये ताणलेल्या तारांवर लोंबकळणारे शेकडो बूट. त्याच रस्त्यावर डॅनिश अल्पसंख्याकांचं मोठं ग्रंथालय आहे. आत शिरले तर लहान मुलं गालिच्यावर लोळत डॅनिश चित्रांची पुस्तकं वाचत होती, आया आपापसात जर्मन बोलत होत्या आणि मुलांशी डॅनिश. टेबलावर 'फ्लेन्सबोर्ग आव्हिस' पडलेला होता. हे वर्तमानपत्र 1869 पासून चालू आहे. मला एकदम बेळगावच्या वाचनालयातली लाकडी बाकं आणि सुतळीने बांधलेला 'तरुण भारत' दिसायला लागला.

त्या लोकांची गोष्ट समजून घेतली तशी मी जास्तच अस्वस्थ झाले, कारण सुरुवात आपल्यासारखीच होती. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण श्लेस्विगमधल्या, म्हणजे सीमेलगतच्या या जर्मन भागातल्या, डॅनिश मंडळींचं एकच म्हणणं होतं: सीमा दक्षिणेला सरकवा, आम्हाला डेन्मार्कमध्ये घ्या. 1947 च्या प्रांतिक निवडणुकीत त्यांना 9 टक्क्यांहून जास्त मतं पडली. 1948 मध्ये त्यांचा पक्ष रीतसर उभा राहिला, त्याला एसएसडब्ल्यू म्हणतात. सीमा काही सरकली नाही. पण 1955 मध्ये बॉन आणि कोपनहेगन या दोन राजधान्यांनी एकाच दिवशी आपापली घोषणा केली. जर्मनीने आपल्याकडच्या डॅनिश लोकांबद्दल, डेन्मार्कने आपल्याकडच्या जर्मन लोकांबद्दल. त्यातली एक गोष्ट मला फार मोठी वाटते: स्वतःला डॅनिश म्हणवून घेण्याला कुणाची हरकत नसेल, आणि तू खरोखर डॅनिश आहेस का हे कुठलाही सरकारी माणूस तपासणार नाही. एरवी 5 टक्के मतं मिळाल्याशिवाय सभागृहात जागा मिळत नाही, पण या पक्षाला ती अट लागू नाही. 2012 मध्ये श्लेस्विग-होल्श्टाइन या त्यांच्या प्रांताच्या सरकारात त्यांच्या आन्के श्पोरेनडोन्क न्यायमंत्री झाल्या. 2021 मध्ये श्टेफान झाइडलर बर्लिनच्या संसदेत पोचले. त्यासाठी त्यांच्या पक्षाला पडलेली मतं होती सुमारे 55 हजार.

त्याच 2021 साली बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक झाली. समितीच्या तरुण उमेदवाराला, शुभम शेळकेंना, 1 लाख 17 हजारांच्या आसपास मतं पडली.

हाती काही आलं नाही. आपल्याकडे ज्याला सगळ्यांत जास्त मतं तोच निवडून येतो. बाकीच्यांची मतं गणतीपुरती. अशा पद्धतीत अल्पसंख्याकांचा पक्ष जगतो तो मतदारसंघाच्या रेषेवर. लोक एका ठिकाणी दाट राहत असतील आणि रेषा त्यांच्या भोवतीने गेली असेल तर आमदार मिळतो; रेषा मधून गेली की संपलं. 2008 च्या फेररचनेत उचगाव, बागेवाडी हे मतदारसंघ गेले, बेळगाव उत्तर, दक्षिण आणि ग्रामीण अशी नवी मांडणी झाली. वर्षानुवर्षं एका सभेला येणारी गावं तीन उमेदवारांत वाटली गेली. त्यात समितीत गट पडले. एकाच मतदारसंघात समितीच्या नावाने दोघे उभे, दोघांचे झेंडे भगवे, दोघांच्या पत्रकांवर तोच नकाशा. 2018 ला मामा ज्या सभेला गेले तिथून उठून आले आणि जेवले नाहीत. कुणाला मत द्यायचं हा प्रश्न त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पडला होता, आणि तो परक्यांनी आणलेला नव्हता. या भांडणाबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही. ज्यांच्या घरात दिवाळीच्या पैशातून अनामत भरली गेली, त्यांच्यापुढे पुढाऱ्यांनी एकत्र बसून एक नाव तरी ठरवायला हवं होतं.

बाकीच्या पक्षांना हे सगळं चांगलं कळतं. महापालिका कित्येक वर्षं मराठी गटाकडे होती. 2021 ला पक्षचिन्हांवर पहिली निवडणूक झाली आणि 58 पैकी 35 जागा भाजपने घेतल्या. त्यांत मराठी आडनावं भरपूर आहेत. खानापुरातही काँग्रेसची असो की भाजपची, निवडून येणारी व्यक्ती मराठी बोलणारीच असते. येळ्ळूरच्या राजहंसगडावर शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा उभारला गेला, तर मार्च 2023 मध्ये आधी भाजपच्या मुख्यमंत्र्यांनी त्याचं अनावरण केलं आणि तीन दिवसांनी काँग्रेसने पुन्हा केलं. हे तेच येळ्ळूर, जिथे गावाच्या वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य' असं लिहिलेला फलक 2014 मध्ये पोलिसांनी उखडला आणि नंतर घराघरांत शिरून लोकांना मारलं. मामेभाऊ म्हणतो, पुतळा आला, रस्ता आला, आपला माणूस आमदार आहे, मग अडतंय कुठे? त्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेऊ शकत नाही. त्याचा धंदा हुबळी-धारवाडशी आहे, मुलगी इंग्रजी शाळेत तिसरी भाषा म्हणून कन्नड शिकते आणि छान लिहिते. पुढची घरपट्टी तीच वाचून दाखवेल. पण जो आमदार पक्षाच्या आदेशाने बसतो-उठतो, तो मराठी कागदांसाठी विधानसभेत उभा राहील का, याचं उत्तर त्यालाही ठाऊक आहे. समितीचा एकटा आमदार उभा राहायचा. त्याचं म्हणणं फेटाळलं जायचं, पण कामकाजात त्याची नोंद तरी व्हायची.

खरा गुंता इथेच आहे. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून जास्त आहेत तिथे सरकारी सूचना, नियम त्यांच्या भाषेत द्यायचे, हे केंद्र आणि राज्यांमध्ये केव्हाच ठरलेलं आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त नेमायची तरतूद राज्यघटनेतच आहे. समिती त्यासाठी मोर्चे काढते, निवेदनं देते. पण त्याच वेळी समितीचं मूळ म्हणणं असं की आम्ही अल्पसंख्याक नाहीच. आमचा भाग महाराष्ट्राचा आहे आणि तो तिकडे जायला हवा. मामांना मी एकदा स्पष्टच विचारलं, की सीमेचं राहू दे, आधी मराठी कागद मिळवायचे असं का ठरवत नाही? ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "तसं मागितलं की आम्ही इथलेच झालो असं होतंय. मग हिंडलग्याला कुठल्या तोंडानं जायचं?" मी पुढे बोलले नाही. फ्लेन्सबुर्गच्या लोकांनी कधी तरी हा प्रश्न आपापल्या स्वयंपाकघरात सोडवला असणार. तिथेही गेलेल्यांची आठवण होती, तिथेही म्हातारे होते. पण त्यांना तो सोडवता आला, कारण पलीकडच्या राजधानीने आधी हात पुढे केला होता आणि अलीकडच्याने त्याच दिवशी तो धरला.

आपली राजधानी काय करते? सीमाप्रश्नासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाने 1967 मध्ये निपाणी, खानापूर, नंदगडसह 264 गावं महाराष्ट्राला देऊ केली, बेळगाव मात्र कर्नाटकातच ठेवलं. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. 2004 पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे. मुंबईत सीमाप्रश्नासाठी समन्वयक मंत्री नेमले जातात. डिसेंबर 2022 मध्ये ते बेळगावला यायचे होते, आले नाहीत, आणि त्याच दिवशी हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकवर दगड पडले. त्याच महिन्यात, 27 तारखेला, नागपुरात विधिमंडळाने 865 गावांसाठी एकमताने ठराव केला. पाच महिन्यांनी निवडणूक आली, तेव्हा ठरावाला हात वर केलेल्या पक्षांचेच नेते बेळगावात येऊन समितीच्या विरोधातल्या उमेदवारांसाठी भाषणं देऊन गेले. ती सभा आमच्या घरापासून फार लांब नव्हती. मामा दारातल्या खुर्चीत बसून लाउडस्पीकरवरचं अस्खलित मराठी ऐकत होते. त्यांनी एका शब्दानेही नाव ठेवलं नाही. मला मात्र त्या दिवशी पुण्याची, मुंबईची, 'बेळगाव आमचं' असं लिहिणाऱ्या प्रत्येकाची चीड आली होती आणि अजून गेलेली नाही.

आणि महाजन अहवालाची दुसरी बाजू आपण कधी उच्चारतच नाही. त्यात जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर इकडची 247 गावं कर्नाटकाला सुचवलेली होती. जतच्या पूर्वेकडची गावं कन्नड बोलतात. तिथे माझी एक मैत्रीण शिक्षिका होती. तिच्याबरोबर गेले होते तेव्हा टँकरपुढे लागलेली घागरींची रांग पाहिली आणि रांगेतल्या बायकांचं कन्नड ऐकलं. पाण्यासाठी कंटाळून या गावांनी 2012 मध्ये कर्नाटकात जातो असा ठराव केला होता, आणि 2022 मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी तो उकरून काढला तेव्हा कुठे मुंबईला म्हैसाळ योजनेचं पाणी तिथवर न्यायची घाई झाली. कन्नड शाळांना कन्नड येणारे शिक्षक द्या, ही त्यांची जुनी मागणी. त्यांच्यासाठी कुठली समिती नाही, त्यांच्या नावाने कुणी निवडणूक लढवत नाही, त्यांचा कागद कोण वाचून दाखवतं हे मी विचारलं नाही, पण कुणी तरी दाखवत असणारच.

मामांना जतचं सांगितलं. त्यांनी लगेच मान हलवली. "त्यांनाबी त्यांच्या भाषेत द्यायला पाहिजे की कागद. चूक ती चूकच." आयुष्यभर काळी फीत बांधलेल्या माणसाला हे म्हणायला क्षणही लागला नाही. बॉन आणि कोपनहेगनला 1955 मध्ये जे कळलं ते शहापूरच्या या म्हाताऱ्याला कळतं. मंत्रालयाला कळायला काय अडचण आहे? न्यायालयाचा निकाल लागेल तेव्हा लागो, त्यासाठी थांबायची गरज नाही. महाराष्ट्राने उद्या जत आणि अक्कलकोटच्या कन्नड गावांना सातबारा, नोटिसा, दवाखान्याचे अर्ज कन्नडमध्ये द्यावेत, शाळांत कन्नड मास्तर नेमावेत, आणि मग बेंगळुरूकडे तेवढंच बेळगावसाठी मागावं. 865 गावांचा ठराव जसा एका सुरात झाला तसाच हाही विधिमंडळात मांडावा, आणि कुठल्या पक्षाचा हात खाली राहतो ते आम्हाला दिसू द्यावं.